एकाच भांड्यातली खीर

काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "पोकळ ब्लॉक आहेत. खिळा ठोकायचा असेल तर आधी मला बोलवा. चहा चालेल, साखर नको."

आमची ओळख झाली ती अशी. नाव त्यांनी नंतर सांगितलं, पण त्या नावाने त्यांना मस्कतमध्ये कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. आम्हा मराठी लोकांचे ते काका. ऑफिसातले ओमानी सहकारी त्यांना नुसतं ‘मुहंदिस’ म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. त्या ऑफिसात इंजिनिअर ढिगाने होते, मी स्वतः एक होते, तरी कुणी मुहंदिस म्हटलं की सगळ्यांच्या माना काकांच्याच टेबलाकडे वळत.

ते मूळचे नागपूरचे. मस्कतच्या अल् खुवैर भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. काकू तिकडे नागपुरात एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या शाळा सोडून यायला तयार नव्हत्या आणि काका काँक्रीट सोडून जायला. काँक्रीटची परीक्षा घेणं हे त्यांचं काम. आलेला माल पास की नापास, एवढंच ते आयुष्यभर ठरवत आले होते, आणि ही सवय ऑफिस सुटलं तरी सुटत नसे. कुणाच्या घरी जेवायला गेले की वाटी तिरकी करून वरण कसं सरकतं ते बघायचे. "पाणी वाढवलंय," असं यजमानीणबाईंना तोंडावर सांगायचे. खिशात पेनाएवढी एक स्पिरिट लेव्हल असे, म्हणजे सपाटी मोजायची ती बुडबुड्याची नळी. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती ठेवून त्यांनी एका पायाखाली पुठ्ठा घातला, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

लोक त्यांना हसायचे. मीही हसायचे. पण एकदा त्यांच्याबरोबर मस्कतबाहेर, इब्रा गावातल्या साइटवर गेले आणि हसणं जरा कमी झालं.

इब्राला एका इमारतीचा स्लॅब टाकायचा होता. ऊन असं, की गाडीचं दार रुमालाने धरून उघडावं लागत होतं. आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं, की इथे उन्हाळ्यात काँक्रीट कालवताना काही पाण्याच्या जागी बर्फ घालतात. माल गरम झाला की तो वेळेआधी आळतो, मग घाबरून कुणीतरी त्यात पाणी ओततं, आणि पाणी ओतलेला स्लॅब दिसायला गुळगुळीत आणि आतून भुसभुशीत निघतो. त्या दिवशी मालाचा ट्रक आला. काकांनी घमेल्यात थोडा माल काढून घेतला, त्यात थर्मामीटर खुपसला, मग माल लोखंडी साच्यात भरून साचा उचलला. माल उभा राहायला हवा होता, तो शेणासारखा पसरला.

"परत," काका म्हणाले.

कंत्राटदाराचा माणूस हात जोडत पुढे आला. "मुहंदिस, यल्ला, आटपा, माणसं उभी आहेत, पंप उभा आहे. थोडंसंच पाणी घातलंय रस्त्यात."

"खरं बोललास, बरं केलंस. आता ट्रक परत ने."

तो चिडला, मोठ्याने बोलला, कुणाकुणाला फोन लावले. काका एका पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला शेजारी बोलावलं, खजुराचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला आणि त्याच्या गावाकडची चौकशी करत बसले. परतताना मी विचारलं, "काका, इतकं सगळं होऊन तुम्हाला राग नाही आला?"

"माणसावर काऊन रागवायचं? नापास माल झाला. माणूस थोडीच नापास झाला."

त्याच दिवशी इब्राच्या बाजारात ते कापडाच्या दुकानात शिरले. ओमानी लोक अंगभर पांढरा झगा घालतात, डिशडाशा, त्याचं मऊ सुती कापड त्यांना हवं होतं. दुकानदाराने अदबीने विचारलं, किती डिशडाशा शिवायच्या? काकांनी त्यांच्या मोडक्या अरबीत उत्तर दिलं, "एकही नाही. दूध गाळायचंय." म्हाताऱ्या दुकानदाराने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कापड मोजून दिलं.

हे दूध कसलं, ते सांगते.

माझी लेक मित्रू. तिला दुधाची ॲलर्जी आहे. पोट बिघडणं वगैरे नव्हे. दुधाचा थेंब पोटात गेला तर तिचे ओठ सुजतात, श्वास अडकतो. बालवाडीत असताना कुणाच्यातरी वाढदिवसाला तिने पेढ्याचा कण खाल्ला होता आणि आम्ही लाल सिग्नल तोडत हॉस्पिटल गाठलं होतं. तेव्हापासून माझी नजर पोरीच्या हाताकडे. लग्न असो, वाढदिवस असो, मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघतच नसे. तिच्या बोटांना काय लागलंय ते बघत असे. तूप, दही, पनीर, बिस्किटं, चॉकलेट, सगळं बंद. ओट्स चालतील असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, म्हणून मी दुकानातून ओट्सच्या दुधाचे खोके आणायला लागले.

एका शुक्रवारी काका आमच्याकडे चहाला बसले होते आणि मित्रू तिच्या कपातलं ते दूध पीत होती. काकांनी खोका उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाणी, ओट्स, तेल, मीठ, आम्लता राखणारं काहीतरी, घट्ट ठेवणारं काहीतरी. वाचता वाचता थांबले.

"पोरी, हे वाचलंस?"

तळाशी लिहिलं होतं, की हा माल जिथे भरतात तिथेच गाईचं दूधही भरलं जातं, त्यामुळे अंश असू शकतो.

मी वाचलं होतं. दुकानातला दुसरा खोका तर ह्याहून वाईट होता. मी म्हटलं, "काय करू काका? आजवर काही झालं नाही, हेच नशीब म्हणायचं."

"नशिबावर स्लॅब टाकत नाहीत," ते म्हणाले. उठले, खोका काखेत मारला आणि तपासणीला नेल्यासारखा वर घेऊन गेले.

पुढचे कित्येक आठवडे आमच्या डोक्यावर मिक्सर घरघरत होता. काकांना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. खिचडी आणि उकडलेली अंडी, ह्यापलीकडे त्यांची मजल नाही. पण ओट्सचं दूध त्यांनी स्वयंपाक म्हणून घेतलंच नाही, साइट म्हणून घेतलं. बाजारात रत्नागिरीचे एक भाई किराणा चालवतात. त्यांच्याकडून फक्त ओट्सच भरणाऱ्या गिरणीची पाकिटं ते शोधून मागवू लागले. भाई एकदा म्हणाले, "काका, तबेला काढलात काय? एवढा दाणा कोणाला?"

"एकच घोडी आहे. पहिलीत जाते," काका म्हणाले.

पहिलं दूध त्यांनी मोठ्या ऐटीत खाली आणलं. वाटीतून चमचा वर काढला तर त्याच्यामागे तार आली. लांब, लोंबती, चिकट. मित्रूने नाक मुरडलं. "काका, इट्स लाइक... सर्दी."

मला हसू आवरेना. काका मात्र गंभीरपणे मान हलवत होते. "बरोबर बोलली. सर्दीच आहे. नापास."

दुसरं नापास झालं, तिसरं झालं. कधी रात्रभर भिजवून बघितलं, कधी कोमट पाण्यात, कधी मिक्सर भरपूर चालवून, कधी गाळताना फडकं पिळून पिळून. जेवढी जास्त मेहनत, तेवढी जास्त सर्दी. ऑफिसातही त्यांच्या डोक्यात तेच. एक दिवस मीटिंग चालू असताना, उन्हाळ्यातल्या मालात बर्फ किती घालायचा ह्यावर कुणीतरी बोलत होतं, आणि काका एकदम टेबलावर हात आपटून म्हणाले, "बर्फ!" साहेबाला वाटलं काकांचा मुद्दा आहे. त्याने तो लिहूनही घेतला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. एक वाटी ओट्स, चार वाट्या पाणी, तेही बर्फाळ. ओट्स भिजवलेले नाहीत, कोरडेच. मिक्सर जेमतेम अर्धा मिनिट फिरवला आणि बंद. मी म्हटलं, "काका, अजून दाणे दिसतायत." ते म्हणाले, "दिसू दे. सगळं काढून घ्यायचं नसते कोणातून." मग इब्राचं ते पांढरं कापड पातेल्यावर अंथरलं, ओतलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. पिळलं नाही, दाबलं नाही. दूध आपलं आपण गळत राहिलं. जे खाली आलं ते पांढरं, पातळ, तार नसलेलं. वास ताज्या दाण्याचा. त्यात साखर नाही, व्हॅनिला नाही, तेल नाही.

मित्रूने घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला संपवून ओठावरची पांढरी मिशी दाखवत म्हणाली, "पास."

काकांनी त्या क्षणी काय केलं असेल? नागपूरला फोन लावला आणि काकूंना म्हणाले, "शाळा सुटली का? ऐक, एक माल पास झाला."

त्यानंतर रोज सकाळी आमच्या दाराशी बाटली येऊ लागली. मी म्हटलं, मला कृती कळली आहे, मी करीन. ते म्हणाले, "तू कर ना. मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण मी पण करीन." आमचा फ्रिज भरून वाहायला लागला.

आता ह्या दुधात एक खोड होती. तापवलं की ते घट्ट होई. काकांनी त्याचा चहा करून बघितला आणि कपात चहाची पेज तयार झाली. असेच एकदा ते आमच्या ओट्यापाशी वैतागून उभे होते. पातेल्यात गूळ घातलेलं दूध होतं, तेही दाट झालेलं, फेकून द्यायच्या बेतात. मित्रू स्टुलावर चढली, चमच्याने थोडं चाखलं, पुन्हा चाखलं. तिचं मराठी अडखळतं, शाळेत सगळं इंग्रजीच. एकेक शब्द शोधत तिने विचारलं, "काका, खीर... अशी असते?"

मी पाठमोरी होते. हातातलं भांडं धुवायचं थांबले.

"म्हणजे कशी?" काकांनी विचारलं.

"आय डोन्ट नो. मी कधी नाही खाल्ली. बुद्धपौर्णिमेला सगळे खातात ना, ती. आई मला केळं देते."

काकांनी गॅस बंद केला, ते पातेलं झाकलं आणि तसंच हातात घेऊन जिना चढून गेले.

आमच्या बौद्ध मंडळींचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम दरवर्षी मस्कतमधल्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका व्हिलात होतो. तिथल्या वहिनी कल्याणच्या. दिलदार बाई. त्यांच्या हातची खीर खाण्यासाठी लोक दोन-अडीच तासांवरच्या सोहारहून गाडी मारत येत. दूध आटवून आटवून केलेली, वर बदाम-पिस्ते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, की वाट्या फिरायच्या. आणि तेवढा वेळ मी मित्रूला घेऊन बाहेर अंगणात बसायचे, कारण खिरीचे हात लावत पोरं धावत असायची. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना वाईटही वाटायचं.

त्या वर्षीच्या तयारीची बैठक वहिनींच्याच हॉलमध्ये भरली. कोण सतरंज्या आणणार, कोण फुलं, असं ठरत गेलं. खिरीवर आल्यावर काका म्हणाले, "खीर ह्या वेळी ओट्सच्या दुधाची करू."

आधी सगळे हसले. काकांचं काहीतरी नवीन, असं वाटलं त्यांना. वहिनींना कारण कळलं तेव्हा त्या लगेच माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, आधी नाही का सांगायचं? मित्रूसाठी आपण वेगळ्या भांड्यात करू की. छोटंसं पातेलं. त्यात काय एवढं!"

मला तेवढंही खूप होतं. मी हो म्हणणारच होते. पण काकांनी हातातला कप बशीत ठेवला.

"वेगळं भांडं," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "माझी आई शाळेत गेली तेव्हा तिच्यासाठी पाण्याचं वेगळं भांडं होतं, वहिनी. तिला कोणी शिवी दिली नव्हती. मास्तर चांगला होता म्हणे. म्हणाला, तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय माय, त्यात काय एवढं."

वहिनींचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुम्ही मला त्या मास्तरच्या रांगेत बसवता?"

"नाही. तुम्ही मायेनं म्हणालात. म्हणून तर तुम्हाला सांगून राहिलो, दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं. आणि दुसरी गोष्ट. दोन भांडी झाली की एक चमचा इकडून तिकडे जाणार. पोरं ती पोरं. हिची आई पुन्हा अंगणातच बसणार."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण काका, एवढ्या लोकांसाठी? बेचव झाली तर? वर्षातून एकदा येतो हा दिवस."

दुसऱ्याने म्हटलं, "ओट्सची पेज खायला सोहारहून कोण येणार?"

मला उठून जावंसं वाटत होतं. आपल्या एका पोरीपायी शंभर माणसांचा सण बिघडावा, हे कुणाही आईला नको असतं. मी तसं म्हटलंही. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते वहिनींकडे बघत होते.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "एकच भांडं. पण शिजवणार मी. तुम्ही दूध काढायचं, माझ्या पातेल्यात हात घालायचा नाही. आणि बिघडली ना काका, तर नागपूरला फोन करून काकूंना सांगेन."

"कबूल," काका म्हणाले. मग घाबरल्यासारखे पुन्हा म्हणाले, "काकूंना काऊन सांगता?"

पौर्णिमेच्या सकाळी वहिनींचं स्वयंपाकघर म्हणजे साइट झाली होती. घराघरांतून मिक्सर आणून त्यांची भांडी उकळत्या पाण्याने धुतली होती. बरेच लागणार होते, कारण एकच सारखा चालवला तर भांडं गरम होतं आणि दूध चिकटतं. घंगाळभर बर्फ. तरुण इंजिनिअर पोरं बनियनवर उभी, कुणी ओट्स मोजतंय, कुणी पाणी ओततंय. मधोमध काका, हातात चमचा. प्रत्येक भांड्यातलं दूध चमच्यात घेऊन ते वरून सोडायचे आणि धार बघायचे. एका पोराने गप्पांच्या नादात मिक्सर जरा जास्त फिरवला. काकांनी चमचा उचलला. बारीकशी तार आली.

"परत."

"काका, थोडीशीच आहे हो, ढवळलं की कळणार पण नाही."

"त्यानंही हेच म्हटलं होतं," काका म्हणाले. कोणी म्हटलं होतं ते त्या पोराला कळलं नाही, पण दूध मोरीत गेलं.

इकडे वहिनी तांदूळ शिजवत होत्या. भलंमोठं पातेलं, उकळत्या पाण्याने तीनदा धुतलेलं, आणि नवाकोरा डाव. डाव त्यांनी मुद्दाम विकत आणला होता, कारण जुन्या डावाने वर्षानुवर्षं दूध ढवळलेलं. काजू परतायला त्यांनी सवयीने तुपाची बरणी उघडली, चमचा आत गेला आणि मी ओरडणार तेवढ्यात त्याच थबकल्या. चमचा सिंकमध्ये टाकला, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, बरणी कपाटात बंद केली आणि खाण्याचं खोबरेल तेल काढलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूपही दूधच की. बघ, आईच्या आधी माझ्या लक्षात आलं." त्या वेळी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

तांदूळ मऊ शिजला. गाळलेलं दूध थोडं थोडं ओतत, वहिनी मंद आचेवर ढवळत राहिल्या. थांबलं की तळाला लागणार, गुठळी होणार. त्यांनी थांबू दिलं नाही. दूध दाटत गेलं. चहात जी खोड होती, तीच इथे कामाला आली होती. आटवायची गरजच नाही, ते आपणहून खिरीच्या अंगाला येत होतं. काका दारात उभे राहून लांबूनच पातेल्यात डोकावत होते. कबूल केल्याप्रमाणे हात मागे बांधलेले.

मग त्यांनी चिरलेल्या गुळाचं ताट पुढे केलं. "वहिनी, गूळ."

"उतरवल्यावर," वहिनी म्हणाल्या. "थंड झाल्यावर. उकळत्या दुधात गूळ घातला की फाटतं, हे माझ्या सातवीतल्या पोरीलाही ठाऊक आहे."

"हे नाही फाटत."

"काका, एवढं पातेलं आहे. बाहेर लोक जमलेत."

"वहिनी, फाटायला ते दूध कुठे आहे? घाला."

सगळे मिक्सर बंद झाले. पोरं जवळ आली. वहिनींनी एकवार हॉलमधल्या बुद्धमूर्तीकडे पाहिलं, ताट उचललं आणि सगळा गूळ उकळत्या पातेल्यात लोटला. मी डोळे मिटले. डाव फिरल्याचा आवाज येत होता. मग वहिनींचा आवाज आला, जरा चिरका.

"अगं बाई!"

डोळे उघडले तर पातेल्यात बदामी रंगाची, एकसंध, तुकतुकीत खीर मंद बुडबुडे सोडत होती. गुठळी नाही, चोथा नाही. वहिनी हसत होत्या आणि ढवळत होत्या. "आयुष्यभर गुळाची खीर जीव मुठीत धरून केली मी! काका, फाटत नाही हो!" मग वेलची पडली, जायफळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ. तो वास अंगणात गेला तेव्हा बाहेरच्यांच्या गप्पा बंद पडल्या.

वंदना झाली. शब्द म्हणत होते, पण लक्ष लागत नव्हतं. शेवटचं साधु साधु साधु झालं आणि वाट्या फिरू लागल्या. वहिनींनी पहिली वाटी मित्रूला दिली नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी तिच्या हातात ट्रे दिला. "तू वाढ," त्या म्हणाल्या. माझी पोर, जी दरवर्षी ह्या वेळेला अंगणात केळं सोलत असे, ती सतरंज्यांच्या मधून खिरीच्या वाट्या वाटत चालली होती. हात तिचे गुळाने चिकट झाले होते आणि मी काहीही पुसायला धावले नाही.

लोकांनी पहिला चमचा तोंडात घातला. सोहारवाले पाहुणे एकमेकांकडे बघत होते. काका भिंतीला टेकून उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरासारखे. एक आजोबा, मुलाकडे राहायला आलेले, अकोल्याचे, त्यांना ह्या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाले, "दूध म्हशीचं दिसते. गाईच्या दुधाला हे घट्टपण येत नाही. इथे म्हशी कुठे ठेवतात वं?"

असा हशा पिकला की म्हाताऱ्याला कळेना आपलं काय चुकलं. काका तर भिंतीला धरून खाली बसले. चष्मा काढून डोळे पुसत होते. पुसता पुसता ते हसायचे थांबले आणि डोळे मात्र पुसतच राहिले. वहिनींनी फोन लावला नागपूरला, म्हटल्याप्रमाणेच. "काकू, तक्रार करायची आहे तुमच्या नवऱ्याची. माझी आजवरची सगळी खीर नापास केली त्यांनी."

सेवानिवृत्त होऊन काका नागपूरला गेले त्याला आता काही काळ झाला. तिथे काकूंच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून टाकी बांधणाऱ्यांशी भांडतात, असं ऐकते. त्यांची आठवण निघाली की कुणी लेव्हलची गोष्ट काढतं, कुणी वरणाची. मी त्या दिवशीचं शेवटचं तेवढं आठवते.

जेवणं उरकली होती. मी वाट्या गोळा करत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ओट्याखाली ते भलंमोठं पातेलं आडवं पाडलं होतं आणि त्यात सात-आठ पोरांची डोकी. तळाची खरवड खरवडणं चालू होतं. चमच्यांचा खणखणाट, ढकलाढकली, इंग्रजीत वचावचा भांडण. मित्रू सगळ्यांत आत होती. केसांना खीर, नाकाला खीर, फ्रॉक तर ओळखू येत नव्हता. कुणाच्या तोंडातला चमचा कुणाच्या हातात जात होता ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काका वाटी घेऊन आले. वाढण्याच्या गडबडीत त्यांनी स्वतः घेतलीच नव्हती.

"वहिनी, थोडी उरली का?"

पातेल्यातून माझ्या लेकीचा आवाज आला, घुमत, चक्क मराठीत. "नाही! आमची आहे!"

काकांनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून ते त्या पातेल्याकडे बघत उभे राहिले. स्लॅब पूर्ण झाल्यावर उभे राहत, तसे.